चेस्टरचा पाय, होसची शाळा आणि टोंटोची घोडागाडी

गेल्या अंकात जुन्या काउबॉय मालिकांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रं अशी आली की विचारू नका. आपल्याकडे तेव्हा टीव्हीच नव्हता, तरी इतकी माणसं ह्या मालिका बघतात कुठं म्हणून बघितलं तर निम्म्या पत्रात एकच वाक्य, नातवानं युट्यूबवर लावून दिलं. चला, सुरू करू.

प्रश्न : आमचे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. दुपारी जेवण झालं की मोबाईलवर ‘गनस्मोक’ बघत बसतात. त्यातला चेस्टर लंगडतो, तो खरंच लंगडा होता का? बाबा म्हणतात होता, मी म्हणतो ॲक्टिंग. शंभर रुपयांची पैज लागलीय. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : पैज तुम्ही जिंकलात, खरं पैसे मागायच्या आधी पुढचं वाचा.

चेस्टर म्हणजे डेनिस वीव्हर. लंगडा कसला ओ, पक्का ॲथलीट होता. १९४८च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेत निवड चाचण्या झाल्या त्यात डेकॅथलॉनला, म्हणजे धावणं, उड्या, भाला, गोळा अशा दहा प्रकारांच्या स्पर्धेत, हा सहावा आला होता. मालिकेत हिरोचा साथीदार हिरोसारखाच दणकट दिसायला नको, त्याच्यात काहीतरी कमी पाहिजे असं ठरलं, म्हणून ह्यानं एक पाय ताठ धरला आणि मग नऊ वर्षं तो गुडघा वाकवायची सोयच राहिली नाही. घरी एकदा करून बघा, एक पाय काठीसारखा सरळ ठेवून जमिनीवर बसा, उठा, बूट घाला, आणि हे सगळं चेहऱ्यावर काही न दाखवता. ह्या कामासाठी त्याला १९५९ मध्ये एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, १९६४ला तो मालिकेतून बाहेर पडला. पुढं ‘मॅक्लाउड’ नावाच्या पोलीस मालिकेत हिरो झाला, आणि म्हातारपणी कोलोराडोत जुने टायर आणि रिकामे डबे मातीत रचून त्यानं घर बांधलं. बांधलं म्हणजे खरंच बांधलं, राहायला गेला त्यात.

आता बाबांची बाजू. त्याच मालिकेत खरा दुखरा पाय होता तो हिरोचा, मार्शल मॅट डिलनचा. जेम्स आर्नेस, उंची सहा फूट सात इंच. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर अमेरिकन फौज उतरली त्यात हा होता, आणि सांगतात असं की पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून होडीतून पहिलं ह्यालाच खाली उतरवलं, सगळ्यात उंच हाच ना. थोड्याच दिवसांत उजव्या पायात गोळ्या लागल्या, महिनोन्‌महिने हॉस्पिटलात काढले, पाय कायमचा अधू झाला. आणि बाबांना हे मुद्दाम सांगा, त्याच वर्षी त्याच इटलीत, जुलैमध्ये, मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमच्या बाबांना ते नाव मी सांगायची गरज नाही म्हणा.

तर ह्या आर्नेसनं १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं, ६३५ भाग, तो मार्शल केला. घोड्यावर जास्त वेळ बसला की पाय ठणकायचा. म्हणजे बघा, धडधाकट माणूस लंगडत होता आणि ज्याचा पाय गेला होता तो छाती काढून रस्त्याच्या मधोमध चालत होता, आणि दोघांना पगार त्याचाच. २०११ला आर्नेस गेला, ८८ वर्षांचा होऊन. पन्नास-पन्नास वाटून घ्या.

प्रश्न : ‘बोनान्झा’त बाप आणि मुलं एकाच वयाची वाटतात. आणि तो जाडा होस कुणीतरी मास्तर होता म्हणे, खरं का? मी स्वतः मराठी शाळेत ३१ वर्षं काढली. (निवृत्त शिक्षक, चिकोडी)

उत्तर : नमस्कार गुरुजी. तुमची नजर बरोबर आहे. १९५९ला मालिका सुरू झाली तेव्हा बाप झालेला लॉर्न ग्रीन ४४चा, थोरला ३१चा, मधला ३०चा. धाकटा तेवढा २२चा, तो खरा पोरगा शोभतो. ग्रीन मूळचा कॅनडाचा, युद्धाच्या काळात तिकडच्या रेडिओवर बातम्या द्यायचा, त्या खर्जातल्या आवाजावरच बापपण निभावलं म्हणायचं.

होस मास्तरच होता. डॅन ब्लॉकर, नाटकात एमए, कोरियाच्या लढाईत जखमी झालेला, परत येऊन टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत शाळेवर शिकवत होता. सव्वासहा फुटाच्या वर उंची आणि अंगानं दोन माणसांचा, तो वर्गात आला की पोरं काय आवाज करत असतील! १९७२च्या मे महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकली आणि ४३व्या वर्षी गेला. त्याच्याशिवाय मालिका कशीबशी पुढच्या जानेवारीपर्यंत चालली आणि बंद पडली.

गुरुजी, तुम्ही विचारलं नाही तरी थोरल्याचं सांगतो. पर्नेल रॉबर्ट्स. मालिका जोरात चालली असताना १९६५ला सोडून गेला. त्याची तक्रार अशी की आम्ही तिशीतले बाप्ये, आणि प्रत्येक गोष्टीला पप्पांना विचारायचं हे काय! (आमच्याकडं पन्नाशीतली माणसं विचारतात, पण ते जाऊ दे.) लोकांनी येड्यात काढलं, बांधलेली नोकरी लाथाडली म्हणून. चौदा वर्षं किरकोळ कामं केली, मग १९७९ला ‘ट्रॅपर जॉन, एम.डी.’त डॉक्टर झाला आणि सात वर्षं चालला. चौघात सगळ्यात शेवटी तोच गेला, २०१०ला. मला विचाराल तर त्याचं काही चुकलं नाही.

प्रश्न : क्लिंट ईस्टवुड पण टीव्हीवरनंच आला का? (एक वाचक, शहापूर)

उत्तर : हो. ‘रॉहाइड’, १९५९ ते १९६५, गुरं हाकणाऱ्यांची मालिका, त्यात हा दोन नंबरचा. एक नंबरला एरिक फ्लेमिंग. १९६४च्या सुट्टीत एका इटालियन दिग्दर्शकाचा सिनेमा करायला पंधरा हजार डॉलरवर स्पेनला गेला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फ्लेमिंगचं मात्र वाईट झालं, १९६६ला पेरूमध्ये शूटिंग चालू असताना नदीत बुडून गेला.

प्रश्न : ‘लोन रेंजर’मधला टोंटो खरा रेड इंडियन होता की रंग फासलेला? आमच्यात घोडागाडी शर्यतीचं खूळ आहे, त्याचं घोड्यावर बसणं बघून विचारतोय. (एक वाचक, निपाणीजवळून)

उत्तर : खरा, आणि हे त्या काळात फार दुर्मीळ. तेव्हा बहुतेक वेळा गोऱ्यांनाच रंग लावून उभं करायचे, नाहीतर दुसऱ्याच देशातला आणायचे, ‘ब्रोकन ॲरो’ मालिकेत अपाची सरदार कोचिस झालेला मायकेल अन्सारा सीरियात जन्मलेला. टोंटो झालेला जे सिल्व्हरहील्स मात्र कॅनडातला, मोहॉक जमातीचा, जन्म तिथल्या सिक्स नेशन्स वस्तीतला. लॅक्रॉस खेळायचा, बॉक्सिंग करायचा, सिनेमात आधी गर्दीतला माणूस आणि स्टंट. १९४९ला टोंटो झाला आणि त्याच्या तोंडी अशी मोडकीतोडकी इंग्रजी दिली की आज ऐकवत नाही. त्यानं ते गिळलं, पण पुढं साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये आपल्या माणसांना अभिनय शिकवणारी कार्यशाळा काढली.

त्याचा जोडीदार, मुखवटेवाला लोन रेंजर झालेला क्लेटन मूर, त्याची वेगळीच गंमत. मुखवटा घालून कार्यक्रम करायचा, तर त्या पात्राचे हक्क असलेल्या कंपनीनं १९७९ला कोर्टातून मुखवट्यावर बंदी आणली. ह्यानं त्याच आकाराचा मोठा काळा गॉगल लावला आणि फिरत राहिला. १९८४ला कंपनीनं केस मागं घेतली.

आता तुमच्या कामाचं. सिल्व्हरहील्स उतारवयात खरोखर घोडागाडी शर्यतीत उतरला, दोन चाकांची हलकी गाडी, मागं एक माणूस, लगाम हातात, तुमच्याकडं पळवतात जवळपास तसंच, फक्त तिथं घोड्यानं दुडकी चाल सोडायची नाही, उधळला की मागं पडलात. कुणीतरी विचारलं, मालिकेतला तुमचा घोडा स्काउट शर्यतीला आणणार का, तर म्हणाला म्हणे, स्काउटपेक्षा मीच जोरात पळेन. १९८०ला गेला.

पत्रात तुमच्या घोड्याचं नाव लिहायचं राहिलंय, पुढच्या वेळी कळवा.