पडणारच असलेल्या दुधाच्या दाढेला रूट कॅनल कशाला? काढून टाकली तर चालणार नाही का?

तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, खालची शेवटची दुधाची दाढ किडली आहे, डॉक्टर रूट कॅनल करून कॅप बसवा म्हणतात आणि घरचे म्हणतात पडणाऱ्या दातावर एवढं कशाला. शेवटी टूथपेस्ट कोणती वापरावी, हेही विचारलंय. अकरा वर्षांपूर्वी अगदी हीच दाढ, जवळपास ह्याच वयात, मी माझ्या मुलीची काढून घेतली होती. म्हणून लिहायला बसले.

दाढ वाचण्यासारखी असेल तर काढू नका.

मुलगी तेव्हा सव्वापाच वर्षांची होती. चार वर्षांची झाल्यापासून ती आपले दात आपणच घासायची आणि मला त्याचं फार कौतुक होतं. आल्यागेल्याला सांगायचे. प्रत्यक्षात ती घासायची ते पुढचे सहा-आठ दात. मागच्या दाढांपर्यंत तिचा ब्रश कधी गेलाच नसेल. नीट दात घासण्याइतका हात वळायला मुलं सात-आठ वर्षांची व्हावी लागतात, तोवर ब्रश मोठ्यांच्या हातातच हवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

वरून पाहिलं तर तिच्या दाढा पांढऱ्याशुभ्र होत्या. कीड होती दोन दाढा एकमेकींना टेकतात त्या फटीत, जिथे ब्रशचे केस पोचत नाहीत आणि फ्लॉसचा दोराच फिरवावा लागतो. दाढेच्या कडेला एक राखाडी सावली मात्र दिसायची. मला वाटलं, डाग असेल, जाईल. मग ती एकाच बाजूने चावायला लागली. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं. एके रात्री दोनच्या सुमाराला ती गाल धरून रडत उठली आणि उजाडेपर्यंत माझ्या मांडीवर बसून होती. सकाळी डाव्या बाजूची हिरडी सुजलेली होती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाखवला. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं आणि आतली नस मोठी असते, त्यामुळे कीड त्या नसेला लवकर गाठते. त्यांनी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलंय: नस काढू, औषध भरू, वर स्टीलची कॅप. दोन-तीन वेळा यावं लागेल.

घरी येऊन मी ताईला फोन केला. माझी मोठी बहीण. तिची दोन्ही मुलं तेव्हा माझ्या मुलीपेक्षा मोठी होती, त्यामुळे मुलांच्या बाबतीत तिचा शब्द आमच्याकडे शेवटचा. ती म्हणाली, "अगं, पडणाऱ्या दातासाठी लेकराला तीन-तीनदा खुर्चीत कशाला झोपवतेस? आमच्या ह्याचे दोन दात पाच वर्षांचा असताना काढले होते, बघ आता कसे ओळीत आलेत." तिचं म्हणणं मला पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. मुलगी खुर्चीला घाबरत होती आणि मीही. दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथे दहा मिनिटांत दाढ निघाली, दुखणं थांबलं, दोन दिवसांत मुलगी खेळायला लागली. रिकामी जागा धरून ठेवायला काही बसवावं लागतं, हे तिथे कुणी बोललं नाही. मी पहिल्या डॉक्टरांबद्दल घरात वाईटसाईटही बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं.

आता ह्या दाढेचं महत्त्व ऐका. सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. ही नवी दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीला टेकून वर सरकते. तो आधार नसेल तर ती पुढे कलते आणि रिकाम्या जागेत घुसते. ती जागा असते एका उपदाढेची, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या लहान कायमच्या दाढेची, जी दहा ते बाराव्या वर्षी येते. म्हणजे "पडणारच" म्हणतात ती ही दाढ साडेपाचव्या वर्षी पडायची नसते. अजून पाच-सहा वर्षं तिला तोंडात राहायचं असतं, चावायचं असतं आणि जागा धरून ठेवायची असते.

माझ्या मुलीचं नेमकं तेच झालं. अकराव्या वर्षी उजवीकडे उपदाढ व्यवस्थित आली, डावीकडे काहीच नाही. बाराव्या वर्षी जिभेच्या बाजूला एक टोक दिसायला लागलं. एक्स-रेत दिसलं की मागची दाढ पुढे झुकून बसली आहे आणि उपदाढेला यायला वाटच नाही. दोन पर्याय मिळाले: एक चांगला कायमचा दात काढायचा, नाहीतर तारा लावून दाढ मागे ढकलायची. आम्ही तारा लावल्या. दोन वर्षं दोन महिने. दर महिन्याला तार घट्ट केली की दोन-तीन दिवस मऊच खायचं. तेराव्या वर्षी पोरींना फोटोत हसायचं असतं, ही ओठ मिटून उभी राहायची.

त्यात आणखी एक भर. तार धरायला दातांवर चिकटवलेल्या ठोकळ्यांभोवती अन्न अडकतं, आणि त्या वयात आईने "घासलेस का?" विचारलेलं आवडत नाही. ठोकळे काढले तेव्हा वरच्या दोन दातांवर खडूसारख्या पांढऱ्या चौकटी उमटलेल्या होत्या. कीड लागायची ती पहिली पायरी. फ्लोराइडचं वार्निश लावून तिथेच थांबली, पण खुणा अजून आहेत. हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून ती तिथे ब्रश लावणं टाळायची, आणि न घासल्यामुळे आणखी रक्त यायचं. कुणाच्या घरी तारा लावलेलं पोर असेल तर रोज रात्री टॉर्च घेऊन बघा. त्याला राग येऊ दे.

ताईचं म्हणणं आजही बदललेलं नाही. आता म्हणते, "तुझ्या सासरच्यांचे जबडेच लहान, त्याला दाढ काय करणार?" तिला मी समोर हे कधी नीट सांगू शकले नाही, इथे लिहिते. एक, तिच्या मुलाचे काढलेले दात पुढचे होते. पुढचे दात लवकर गेले तर सहसा जागा फारशी कमी होत नाही, आणि सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान तिथे नवे येतातच. दाढेचं गणित वेगळं. दोन, जबडाच लहान असता तर उजवी बाजूही वाकडी आली असती. एकाच तोंडात, एकाच जबड्यात उजवीकडचे सगळे दात सरळ आणि डावीकडे जिथली दाढ काढली नेमकी तिथेच गर्दी. ह्यात सासरचे कुठे आले?

तुमच्या डॉक्टरांबद्दल शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, शक्यतो लहान मुलांचेच दात बघणाऱ्यांचं. पण विचारताना "काढला तर चालेल का" असं विचारू नका. मागची कायमची दाढ आली आहे का, खाली कायमच्या दाताचा कोंब एक्स-रेत दिसतो का आणि काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला काय बसवणार, हे विचारा. दुधाच्या दातात भरायचं औषध वेगळं असतं, मूळ विरघळतं तसं तेही विरघळतं, आणि कॅप दाताबरोबर गळून पडते. त्यामुळे "रूट कॅनल केलं तर खालचा दात अडेल" ही भीती बाळगू नका. उलट पू तसाच राहू दिला तर खालच्या कोंबाला इजा होऊन कायमचा दात डाग घेऊन किंवा खडबडीत येऊ शकतो. गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला, तर कुणाच्या मताची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुम्ही वाईट आईबाप आहात असं मनात आणू नका. दुधाचे दात किडलेली मुलं जगात ५१ कोटींवर आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटलंय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही दाढा खरंच वाचत नाहीत. मूळच खाल्लं गेलं असेल, सारखं गळू होत असेल, तर काढणंच बरोबर. दुधाची दाढ न काढताही दात वाकडे येणारी मुलं पुष्कळ असतात, तिथे जबड्याचा आणि आनुवंशिकतेचा वाटा असतोच, तेवढ्यापुरतं ताईचं खरं आहे.

टूथपेस्टचं राहिलंच. चित्र आणि चव बघून घेऊ नका, नळीवर फ्लोराइडचा आकडा बघा, किमान १००० पीपीएम हवा. तुमच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. रात्रीचं घासणं चुकवू नका. घासल्यावर थुंकायला सांगा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू देऊ नका, सगळं फ्लोराइड धुऊन जातं. तुमच्याकडच्या पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि ब्रश अजून दोन-तीन वर्षं तुमच्या हातात ठेवा, मुलगा कितीही म्हणाला की मला येतं.