मेनोनाइटांवरच्या कादंबऱ्यांत सारखा बंदुकीचाच प्रश्न का येतो?

कारण तो खरंच घडलाय हो. मेनोनाइट म्हणजे एक ख्रिस्ती पंथ. हे लोक 1789 पासून युक्रेनमध्ये शेती करत होते, शस्त्र हातात धरायचं नाही हा धर्मच, पहिल्या महायुद्धातही पोरं हॉस्पिटल ट्रेनमध्ये जखमींची सेवा करायची. मग रशियन क्रांती झाली, माख्नो या युक्रेनियन अराज्यवादी नेत्याच्या टोळ्या गावं लुटायला लागल्या आणि काही तरुणांनी झेल्ब्स्टशुट्झ नावाचं सशस्त्र दल काढलं, म्हणजे 400 वर्षांची शिकवण गेली ना बाजूला! ऑक्टोबर 1919 मध्ये आयखनफेल्ड या मेनोनाइट गावात माख्नोच्या लोकांनी मोठं हत्याकांड केलं. पण मला विचाराल तर चांगली कादंबरी तीच, जी यांच्या मोठ्या इस्टेटींवर राबणारे गरीब युक्रेनियन मजूरपण दाखवते, राग काय उगाच नव्हता.