एससीएसएस मोडून बोटीची ट्रिप? ताई, ट्रिप करा, पण पैसा दुसरीकडून काढा

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वय 61, शाळेतून रिटायर, पेन्शन सुरू आहे, मिस्टर 64 चे. दोघं, मुलगी-जावई आणि दोन नातवंडं अशा सहा जणांसाठी फेब्रुवारीत मुंबईहून एक छोटी मोटर यॉट घ्यायची, खांदेरी, अलिबाग, मुरुड असं निवांत किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं, तीन रात्री बोटीवरच. कोटेशन 6 लाख, वर 18 टक्के जीएसटी. पोस्टातलं सीनियर सिटिझन स्कीमचं (एससीएसएस) 15 लाखांचं खातं मोडून पैसे द्यायचे म्हणतात. खाली लिहिलंय, "आयुष्यभर सगळ्यांचं केलं, आता स्वतःवर एवढा खर्च केला तर चुकतं का?"

नाही चुकत ताई. पोरीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं, मेडिक्लेम आहे, 4 लाखांची एफडी अडीअडचणीसाठी बाजूला आहे, मग स्वतःवर काहून नाही करायचा खर्च? नातवंडं आठ-दहा वर्षांची आहेत तोवर ती तुमच्यासोबत येतील, पुढे क्लासेस सुरू झाले की सुट्ट्या जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. जा तुम्ही. मला फक्त पैसा कुठून काढून राहिले ते पटलं नाही.

एससीएसएसमधून थोडे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर पूर्ण खातंच बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला 14 महिने झालेत, म्हणजे दोन वर्षांच्या आत, त्यामुळे 15 लाखांवर दीड टक्का कापतील, 22,500 रुपये असेच गेले. दंड आणि जीएसटी सोडून नुसते 6 लाखच गेले असं धरून उरलेले 9 लाख परत टाकले आणि तेव्हाही 8.2 टक्केच मिळाले असं धरलं, तरी आज दर तीन महिन्यांनी 30,750 रुपये येतात ते 18,450 वर येतील. महिन्याला 4,100 कमी. तुम्हीच लिहिलंय की मिस्टरांची औषधं आणि फ्लॅटचा मेंटेनन्स त्याच व्याजातून जातो. चार दिवसांच्या ट्रिपसाठी औषधाचे पैसे कमी करायचे नाहीत, यावर मी ठाम आहे.

तुमच्याकडे इक्विटी म्युच्युअल फंडात 9 लाख आहेत, त्यातले निम्मे नफ्याचे. ते पैसे वाढण्यासाठी ठेवलेत, घर त्यावर चालत नाही, म्हणून खर्च तिथून करा. मात्र फेब्रुवारीची घाई सोडा आणि नोव्हेंबर धरा. अडीच लाखांची युनिट्स मार्चमध्ये विका, अडीच लाखांची एप्रिलमध्ये. लाँग टर्म, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिट्सच्या नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, आणि तुमचा नफा दोन वर्षांत सव्वा-सव्वा लाख असा विभागला जातो, त्यामुळे टॅक्स जवळपास शून्य. पाचही लाख एकाच वर्षात काढले तर 12.5 टक्क्यांनी आणि सेस धरून 16,250 भरावे लागतील. विकलेले पैसे नोव्हेंबरपर्यंत छोट्या एफडीत ठेवा, बाजार पडला म्हणून ट्रिप रद्द असं व्हायला नको.

म्हणजे बजेट 5 लाख, आणि कोटेशन तर जीएसटी धरून 7 लाख 8 हजार होऊन राहिलंय, त्यात जेवण नाही, नागपूर-मुंबई सहा जणांचं जाणंयेणं नाही, बोटीवरच्या माणसांना खुशीनं द्यायचं ते नाही. तीन रात्री बोटीवर झोपायचा हट्ट सोडा ना. एक रात्र बोटीवर, दोन रात्री अलिबाग किंवा मुरुडला घरगुती राहण्याच्या ठिकाणी. बोट दोन दिवसांची, जीएसटीसकट साडेतीन लाखांच्या आत बसते का ते विचारा, बाकी दीड लाखात राहणं-खाणं-तिकिटं होतात.

आता डिझेल. कोटेशनमध्ये "रोज चार तास इंजिन, पुढे डिझेल वेगळं" असं लिहिलंय आणि माझ्या मते सगळ्यात महाग ओळ तीच आहे. गेटवेहून मुरुड-जंजिरा समुद्रानं साधारण 40 नॉटिकल मैल (समुद्रातला मैल, सुमारे 1.85 किमी). आठ नॉटनं (तासाला आठ नॉटिकल मैल) गेलात तर पाच तास, वीस नॉटनं दोन तास. अशा बोटीचा वेग वाढवला की डिझेल नुसतं दुप्पट नाही लागत, कितीतरी जास्त लागतं. पण कोटेशन तासावर, म्हणून हळू गेलं तरी तुम्हालाच भुर्दंड! तुम्हाला तर हळूच जायचंय, खांदेरीचा किल्ला डोळे भरून पाहायचाय (1679 मध्ये महाराजांनी तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघंही अंगावर आले होते, नातवंडांना हे सांगाच), तर डिझेल तासावर न ठेवता ठरलेल्या रूटवर एकच रक्कम करून मागा आणि आठ-नऊ नॉटचा वेग लिहून घ्या. सकाळी लवकर निघायचं, दुपारनंतर वारा वाढतो आणि बोट हलायला लागते, मिस्टरांची बायपास झालेली आहे म्हणून मुद्दाम सांगतो. डॉक्टरांनाही विचारून घ्या.

ॲडव्हान्स 50 टक्के मागितलाय आणि हवामानामुळे बोट सुटली नाही तर काय, यावर एक शब्द नाही. नोव्हेंबरातही अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा येऊ शकतो, बंदरावर धोक्याचा बावटा लागला की कोणी बोट काढत नाही. पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी हवं. महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाचं लायसन्स, किती माणसांची परवानगी, रात्री मुक्कामाची परवानगी आहे की नाही, इन्शुरन्समध्ये प्रवासी धरलेत का, हे कागद व्हॉट्सॲपवर मागवा. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीचा अपघात आठवत असेल, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का हे तर फोटो मागूनच बघा. जो ऑपरेटर कागद द्यायला टाळाटाळ करेल त्याला 20 टक्केही देऊ नका.

"या महिनाअखेरपर्यंतच हा रेट" असं तो म्हणतोय, त्याला म्हणू द्या. नोव्हेंबरसाठी जूनमध्ये परत भाव विचारा, पावसाळ्यात बोटी बांधून ठेवलेल्या असतात, तेव्हा बोलायला वाव असतो.