दुधाच्या दाढेला कॅप बसवताना

दुधाची दाढ पडणारच, मग कॅप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण मागची दाढ साधारण 10 ते 12 व्या वर्षापर्यंत टिकायला हवी. आधीच काढली तर शेजारची दाढ पुढे सरकते आणि कायमच्या दाताची जागा जाते.

कीड दोन-तीन बाजूंना पसरली असेल किंवा नसेवर उपचार झाले असतील, तर नुसतं सिमेंट भरून थांबू नका, ते निखळतं. स्टीलची कॅप घ्या. दिसते चंदेरी, पण दाढेसाठी तीच भरवशाची; झिर्कोनियाच्या (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅपसाठी दात जास्त कोरून बारीक करावा लागतो. सुरुवातीला चावताना ती उंच लागू शकते, काही आठवड्यांत चावा जुळतो. हिरडी सुजलेलीच राहिली तर मात्र दाखवा. हिरडीलगत रोज ब्रश, चिकट गोळ्या बंद. निघालेली कॅप फेकू नका, सोबत न्या. आणि मूल रात्री ठणक्याने उठत असेल तर आधी एक्स-रे, मगच कॅप.