प्रतिमानाचं ‘अंशांकन’ की ‘जुळवणी’?

समुद्रातल्या अन्नसाखळीची संगणकीय प्रतिमानं (मॉडेल) मासेमारीच्या नोंदींशी ‘कॅलिब्रेट’ करतात, आणि किती मासे धरू द्यायचे हे ठरवताना त्यांचा आधार घेतात. या विषयावरचा लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कॅलिब्रेशन’ला ‘अंशांकन’ लिहिलं तर चालेल का? यंत्रांच्या संदर्भात तो शब्द त्यांनी वाचला आहे.

यंत्रांसाठी चालेल. प्रतिमानासाठी मात्र मी तो वापरणार नाही.

मत्स्यसंशोधनात ‘कॅलिब्रेशन’ दोन अगदी वेगळ्या कामांना म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. संशोधन जहाजावरचा प्रतिध्वनिमापक पाण्यात ध्वनी सोडतो आणि माशांच्या थव्यावरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून थवा केवढा आहे याचा अंदाज बांधतो. हे यंत्र नीट बोलतंय का, हे तपासायला टंगस्टन कार्बाइडची एक गोळी जहाजाखाली लोंबकळत सोडतात. ३८ किलोहर्ट्‌झच्या यंत्राला ३८.१ मिलिमीटर व्यासाची गोळी नेहमीची, म्हणजे लिंबाएवढी. तंगुसाच्या तीन दोऱ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंनी कमीजास्त ओढून ती बरोबर ध्वनीच्या झोतात आणायची. त्या गोळीचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे गणिताने आधीच ठाऊक असतं, यंत्र वेगळं सांगत असेल तर चूक यंत्राची. दुकानातला तराजू प्रमाणित वजन ठेवून तपासावा, तसंच हे. इथे ‘अंशांकन’ किंवा ‘अंशशोधन’ खुशाल लिहा.

प्रतिमानाच्या बाबतीत अशी गोळीच नसते. समुद्रात खरोखर किती मासे आहेत हे कुणीच मोजलेलं नसतं. ‘इकोपाथ विथ इकोसिम’ ही जगभर वापरली जाणारी प्रणाली घ्या. तिच्यात प्रत्येक भक्ष्य-भक्षक जोडीसाठी एक आकडा असतो: भक्ष्य भक्षकाच्या तावडीत कितपत सहज सापडतं? हे आकडे थोडे वर, थोडे खाली करत प्रतिमानातून निघणारा मासळीचा चढउतार आणि अनेक वर्षांच्या नोंदींमधला चढउतार यांच्यातली तफावत कमीत कमी करायची. त्या नोंदीही अंदाजीच, कारण जाळ्यात आलं तेवढंच मोजलेलं असतं.

म्हणजे हे काम तंबोरा लावण्याच्या जवळचं आहे. खुंटी पिळायची, ऐकायचं, मग मण्याने बारीक फरक काढायचा. गंमत अशी, की मत्स्यसाठ्याचा हिशोब करणारे स्वतःच या कामाला वर्षानुवर्षं ‘ट्यूनिंग’ म्हणत आले आहेत. म्हणून मी लिहीन: ‘प्रतिमानाची नोंदींशी जुळवणी’. (‘जुळणी’ नको, तिच्यात सुटे भाग जोडण्याचा अर्थ येतो. डेटाला ‘विदा’ म्हणत असाल तर ‘विदेशी जुळवणी’ असं लिहून वाचकाला परदेशात पाठवू नका.)

‘आकडे जुळवले’ म्हटलं की लबाडीचा वास येतो, असा आक्षेप येईल. मला तो वास मोलाचा वाटतो, कारण धोका तिथेच आहे. खुंट्या पुष्कळ असल्या की चुकीचं प्रतिमानही जुन्या नोंदींवर चपखल बसवता येतं. यासाठीच काही वर्षांच्या नोंदी जुळवणीपासून लांब ठेवतात आणि प्रतिमान त्या वर्षांबद्दल काय सांगतं ते नंतर बघतात. या दुसऱ्या पायरीला आपल्याकडे ‘पडताळा’ हा चांगला शब्द आहे, गणिताचा ताळा पाहावा तसा. ‘जुळवणी’ आणि ‘पडताळा’ लेखात कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका.

शब्दावर एवढं अडून बसतोय, कारण ‘अंशांकित प्रतिमान’ वाचलं की शिक्का मारलेलं वजन डोळ्यांपुढे येतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ १९८०च्या दशकात कॉड माशाच्या साठ्याचा हिशोब व्यापारी ट्रॉलरना मिळणाऱ्या मासळीशीही जुळवला जात होता. ते प्रतिमान एकाच जातीचं होतं, अख्ख्या परिसंस्थेचं नव्हे, पण जुळवणीचं तत्त्व तेच. साठा घटत असताना उरलेले मासे दाटीने राहत होते आणि ट्रॉलरना त्या जागा ठाऊक होत्या, त्यामुळे तासाला मिळणारी मासळी चांगलीच दिसत राहिली. संशोधन जहाजांची पाहणी साठा त्याहून कमी असल्याचं सुचवत होती. तंबोरा लागला होता, पण चुकीच्या सुराला. २ जुलै १९९२ रोजी तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

तेव्हा लेखात ‘जुळवणी’ लिहा, आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे ती कोणत्या नोंदींशी केली तेही त्याच वाक्यात सांगा: ट्रॉलरच्या, पाहणीच्या, की दोन्हींच्या.