पहिली-दुसरीचा वर्ग इंग्रजीच्या तासाला आवरत नाही, काय करावं?

बहुतेक वेळा मुलं दंगा करतात ती काय करायचंय हेच न कळल्यामुळे. सूचना दोन-तीन शब्दांची ठेवा आणि स्वतः करून दाखवा: 'स्टँड अप', 'टच द डोअर'. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' पद्धत हीच आहे. आधी ऐकून कृती करायची, बोलणं सावकाश येऊ द्यायचं. या वयात मुलांना हलायचंच असतं, तर ते तासाच्या कामी लावा.

आपल्या सोलापुरात, त्यातही पूर्व भागात, एकाच बाकावर तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी लेकरं बसतात. कित्येकांना शाळेची मराठीही नवीनच असते, त्यावर इंग्रजी. म्हणून वर्गाचे नियम मुलांना कळेल त्या भाषेत बिनधास्त सांगा. एखादी पोरगी शेजारच्याला हळूच तेलुगूत समजावत असेल, तर तिला अजिबात गप्प करू नका. ती तुमचंच काम करतेय.

ओरडण्यापेक्षा टाळ्यांचा ठेका ठरवून घ्या. तुम्ही वाजवला की मुलांनी तोच परत वाजवायचा. आणि चित्रं, खडू वाटायचे ते सूचना देऊन झाल्यावरच. हातात खडू आला की कुणीही ऐकत नाही.