तुम्हीच राणी कशावरून?

प्रिय ताई,
मी ५३ वर्षांची, मिरजेला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. मुलगी पुण्याला असते, घरी मी आणि हे. मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. तिथे एक जण तीसेक वर्षांनी भेटला. तेव्हा आमच्यात जे होतं त्याला कधी नाव दिलं नाही. लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसायचं, एकमेकांच्या वहीतून नोट्स उतरवायच्या, बस. त्याच्या मनात होतं, माझ्याही होतं. मग माझं लग्न ठरलं. परवा भेटला तेव्हा जेमतेम पाच मिनिटं बोललो, तेही घोळक्यात. त्याची बायको दीड वर्षापूर्वी गेली हे ग्रुपवर कळलं होतं, त्याबद्दल दोन शब्द बोलले. पुढच्याच आठवड्यात रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. लिहिलेलं काहीच नाही, नुसती ‘भातुकलीच्या खेळामधली’ची लिंक. मी लगेच ऐकलं. निळ्या खुणा त्याला दिसल्याच असणार. उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून पोळ्या लाटताना, व्हाउचर तपासताना तेच गाणं डोक्यात आहे. एकेक ओळ काढून बघते. त्याला काय सांगायचंय? अजूनही त्याच्या मनात आहे, की मला दोष देतोय? राजाला उशिरा कळलं, असं त्यात आहे ना? माझं लग्न ठरल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. माझा भाऊ पत्रिका द्यायला गेला तेव्हा त्याला कळलं. ह्यांना यातलं काही माहीत नाही. परवा गाणं लावलं तर आतल्या खोलीतून म्हणाले, “अरुण दाते का? आवाज वाढव जरा.” मला रडूच आलं. ताई, या गाण्याचा नेमका अर्थ काय?
– एक वाचक

तुम्ही गाण्याचा अर्थ विचारलाय, तर आधी गाण्याबद्दलच बोलते. तुमच्याकडे मग येते.

शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दात्यांचा. याच तिघांनी ‘या जन्मावर, या जगण्यावर’ही केलं. ते मात्र कोणी जुन्या मैत्रिणीला रात्री पावणेबाराला पाठवत नाही, ही माझी फार दिवसांची तक्रार आहे.

आता गाण्यात काय घडतं ते बघा. राजा खुशीत आहे. तुझ्या हातावरच्या रेषा माझ्या नशिबाशी बोलतात, असं तो राणीला सांगतो, आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला आधीच काहीतरी ठाऊक आहे. मग ती लांबच्या एका ताऱ्याकडे बघत म्हणते की उद्या पहाटे वाटा वेगळ्या आणि ‘दुज्या गावचा वारा’. राजाला त्याचा अर्थ उशिरा लागतो. तो विचारतो, जीव असे जुळवायचेच कशाला? तिच्याकडे उत्तर नसतं. शेवटी जाताना ती डोळे मिटते, आणि तिचं गाणं म्हणताना याचा श्वास कोंडतो. कथा एवढीच.

हे दुसरं गाव कुठलं, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण म्हणतात, सासर. भातुकलीत संसार मांडलेला असतो, मुलगी मोठी होते, तिचं लग्न दुसरीकडे ठरतं आणि डाव मोडतो. अर्थ चोख बसतो. तुम्हीही तोच लावलात, कारण तुमच्या बाबतीत तेच घडलं होतं. पण कितीतरी जण हेच गाणं मरणाचं म्हणून ऐकतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. पुन्हा एकदा ऐका. राणी जे बोलते त्याला कवीने गूढ म्हटलंय आणि अटळही. लग्न ठरण्यात गूढ काय असतं? सुपारी फुटली की आठवडाभरात गल्लीला माहीत होतं. ती बघते ताऱ्याकडे, आणि आजी तारा झाली असं आपण लहान मुलांना सांगत आलोच की. शिवाय सासरी जाणारी मुलगी डोळे पुसते. डोळे मिटणारी बाई वेगळीकडे निघालेली असते.

पाडगावकरांनी निवाडा केलेला नाही. दोन्ही दारं उघडी ठेवलीत, म्हणून तर लग्न मोडलेल्यालाही हे गाणं आपलं वाटतं आणि बायको गेलेल्यालाही. मला विचाराल तर शेवटच्या कडव्यापुरती मी मरणाच्या बाजूची आहे.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. त्याची बायको दीड वर्षापूर्वी गेली, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि पुढे गेलात. बाकी सगळ्या पत्रात राजा तो आणि राणी तुम्ही. कशावरून? दीड वर्ष एकट्याने जेवणारा माणूस रात्री झोप येत नाही म्हणून अरुण दाते ऐकत पडलाय. त्याच्या डोळ्यांसमोर लायब्ररीच्या पायऱ्या असतील की दवाखान्यातली शेवटची रात्र असेल? मला पायऱ्यांची खात्री नाही.

मग तुम्हालाच का पाठवलं, असं म्हणाल. पाठवणार कोणाला? पोराबाळांना असली गाणी ऐकायला वेळ नसतो. बॅचच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं आणि गुडघेदुखीचे उपाय. स्नेहसंमेलनाला बाकीच्यांनी त्याला काय विचारलं असेल? रिटायरमेंटला किती वर्षं राहिली, मुलगा कुठे असतो, गुलाबजाम घेतलेस का. तुम्ही त्याच्या बायकोबद्दल दोन शब्द बोललात. कदाचित तेवढ्यामुळेच त्याला वाटलं असेल की हे गाणं तुम्हाला कळेल. आणि असंही असेल की दोन्ही ताटातुटी त्याच्या मनात एकमेकींत मिसळल्यात, आणि नक्की कोण आठवतंय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. या वयात होतं तसं.

राहिली तिसरी शक्यता, तुम्हाला जिची धास्तीही आहे आणि, रागावू नका, थोडी हौसही आहे. समजा गाणं तुमच्यासाठीच आहे. तरी ते त्याचं बोलणं होत नाही. या गाण्याची गंमत अशी की ते राजा गात नाही आणि राणीही गात नाही. तिसराच कोणी त्यांची गोष्ट सांगतो, आणि तोही सारखा ‘का’ विचारत राहतो, कारण त्यालाही माहीत नाही. असं गाणं पाठवणारा कशाचीच जबाबदारी घेत नाही. उद्या तुम्ही काही म्हणालात तर “अगं, सहज, छान वाटलं म्हणून पाठवलं” म्हणायला तो मोकळा. त्याने न लिहिलेलं पत्र तुम्ही त्याच्या वतीने मनात लिहून काढताय, आणि तुमची झोप त्या पत्राने उडालीय.

दोष देतोय का, हा तुमचा खरा प्रश्न. गाण्यात तर दोष कुठेच नाही. राजाला उशिरा कळतं, पण तो राणीला एका शब्दाने टोचत नाही. भांडतो तो दैवाशी. ती बिचारी केविलवाणी होऊन उभी असते आणि कवीही तिला काही बोलत नाही. म्हणजे हा ठपका गाण्यातून आलेला नाही. तो तुमच्याकडे आधीपासून होता, भाऊ पत्रिका घेऊन त्याच्या दारात गेला त्या दिवसापासून.

त्याबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. तुम्ही त्याला सांगायला हवं होतं. घरातल्या बैठकीत वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला कोणी विचारत नव्हतं, हे मला चांगलं माहीत आहे. लग्न थांबवणं तुमच्या हातात नव्हतं. पण पायऱ्यांवर बसून “माझं ठरलंय” एवढं म्हणणं हातात होतं. नाही जमलं. त्या वयात त्याच्यासमोर रडू येईल याचीच भीती मोठी असते. चूक आहे, पण इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपावं एवढी मोठी नाही. आणि त्यानेही तोंडाने कधी काही विचारलं नव्हतं, हेही हिशेबात धरा. तुम्ही बँकेतल्या, दोन्ही बाजू मांडायची सवय असेलच.

आता करायचं काय. उत्तर द्या, आणि ते दिवसाउजेडी द्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. असं काहीतरी लिहा: “गाणं ऐकलं. वहिनींची आठवण येत असेल ना? कशा होत्या त्या, सांग कधीतरी.” एवढंच. बदाम नको, रडका चेहरा नको, दुसरं गाणं तर अजिबात नको. तो बायकोबद्दल लिहायला लागला तर तुमचा प्रश्न सुटला, आणि त्यालाही बोलायला कोणी मिळालं. “नाही गं, तुझी आठवण आली म्हणून पाठवलं” असं म्हणाला, तर निदान ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत असेल, आणि त्याला तुम्हीही सरळ शब्दांत उत्तर देऊ शकाल. ते काय द्यायचं हे मी सांगणार नाही. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही संसार उधळायला निघालेल्या वाटत नाही.

पत्रिकेचा विषय निघालाच तर “तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं” असं एकदा म्हणा आणि थांबा. त्याच्या पुढे ‘पण’ जोडू नका. आणि हे मेसेजवर नको, फोनवर किंवा समोरासमोर.

यजमानांना काय सांगायचं? आज खरं म्हणून जेवढं ठाऊक आहे तेवढं. “कॉलेजातल्या एकाची बायको गेली, त्याने हे गाणं पाठवलं,” असं रात्री जेवताना म्हणा. यात खोटं काही नाही. पायऱ्यांचं सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. नवरा-बायकोने एकमेकांसमोर जन्माचे सगळे कप्पे रिकामे करावेत, या मताची मी नाही. पण एक विचारते. “आवाज वाढव” म्हणाले म्हणून तुम्हाला रडू आलं. आपण इथे भलत्याच विचारात आणि हा बिचारा निरागस, असं वाटलं असणार. त्यांना ते गाणं इतकं का आवडतं, ते ऐकताना त्यांना कोण आठवतं, हे इतक्या वर्षांत कधी विचारलंत का? विचारून बघा. उत्तरात तुमच्या ओळखीचं कोणीच नसेल, तरी घाबरू नका.

आणि त्याचं ‘लास्ट सीन’ उघडून बघणं आजपासून बंद करा. पत्रात लिहिलं नाहीत, पण बघत असणार.